राधाबाईंची पाहणी

राधाबाई कापगते यांनी मला सावरलं, हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मागून सांगते. समितीच्या कागदात आधी संस्थांची नावं यायची, मग कामाचा तपशील, आणि माणसाचं नाव आलंच तर तळाशी, बारीक अक्षरात. निदान या लिखाणात तरी राधाबाई वर असाव्यात.

मी मूळची संगमेश्वराकडची. मराठी चौथी झाली आणि शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्यामागून गोंदियाला आले, कारण ते तेलाच्या इंजिनावरचे मिस्त्री आणि इथे भाताच्या गिरण्या पुष्कळ. आठ-दहा वर्षं बरी गेली. मग कोंड्याची धूळ त्यांच्या छातीत बसली आणि खोकला काही हटेना. मला काम शोधणं भाग पडलं. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, चौथी शिकलेल्या बाईला कोण काम देणार? तेव्हा माझं गाव मुंबई राज्यात आणि गोंदिया मध्यप्रदेशात. घरून पत्र यायला इतके दिवस लागायचे की येईपर्यंत त्यातली काळजी शिळी झालेली असायची.

तिरोड्याच्या बाजूला, बोदलकशाच्या अलीकडे, चिखलबोडी म्हणून गाव आहे. तिथला तलाव आदल्या पावसाळ्यात फुटला आणि खालच्या गावांतलं उभं धान रेतीखाली गेलं. तीन संस्था मदतीला आल्या. गोंदियाच्या व्यापाऱ्यांच्या धर्मादायानं बियाण्याचं धान दिलं, मिशनच्या दवाखान्यानं दुधाची भुकटी, आणि नागपूरच्या एका महिला मंडळानं घोंगड्या. तिघांची मिळून एक समिती झाली, सगळ्या घरांची एक यादी झाली. आता प्रश्न होता की ही मदत लोकांच्या उपयोगी पडली का, आणि पुढच्या वर्षी यादीत कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं. त्यासाठी पाहणी करायची होती. पण ती कोणी करायची यावर एकमत होईना, कारण प्रत्येक संस्थेला दुसरीचा माणूस नको होता. शेवटी कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या राधाबाईंचं नाव निघालं.

"तिघायलेही मी आवडत नाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "म्हून तिघायनंही हो म्हटलं."

राधाबाई साठीच्या, उंच, काळ्यासावळ्या. माहेर नवेगावाकडचं, पिढ्यान्‌पिढ्या तलाव खोदणाऱ्या कोहळ्यांचं. आमच्याकडे माहेर निघालं की बायका माणसांबद्दल सांगतात. राधाबाई पाळीबद्दल सांगायच्या. तलावाच्या बांधाला इकडे पाळ म्हणतात. कोणत्या पाळीला कोणती माती, कुठे मुंग्यांनी घर केलं की पाणी झिरपणार, हे त्यांना आजोबांनी खांद्यावर बसवून दाखवलेलं. बोलणं सगळं झाडीतलं, कन्याशाळेत इतकी वर्षं काढूनही. "मुली पुस्तकातलं पुस्तकातून शिकतीन," त्या म्हणायच्या, "माया तोंडातून घरचं आयकलं त बिघडलं काय?"

त्यांना दूरचं लख्ख दिसायचं, जवळचं अक्षर मात्र दिसत नसे. चष्मा होता, पण तो लावला की डोकं दुखतं म्हणून पिशवीतच असायचा. म्हणून त्यांना लिहिणारी बाई हवी होती. मॅट्रिक झालेल्या दोघी माझ्याबरोबर आल्या होत्या. राधाबाईंनी आम्हा तिघींना एकच गोष्ट विचारली, "परे म्हंजे काय?" त्या दोघींनी काहीबाही उत्तरं दिली. मी म्हटलं, "मला माहीत नाही." आणि कामावर पाणी पडलं असं समजून उठायला लागले, तर टेबलावरची दौत कलंडली. कागदभर शाई!

"काऊन वं, एवढी घाबरून रायली?" राधाबाई म्हणाल्या. "परे म्हंजे धानाची रोपं. आता झालं माहीत. उद्यापासून ये."

त्या दिवसापासून मी त्यांची कोकनवाली झाले. पाच महिन्यांत त्यांनी मला नावानं एकदाही हाक मारली नाही, आणि मला ते नाव माझ्या नावापेक्षा जवळचं वाटू लागलं.

त्यांच्या पाहणीची रीत अशी की पुढच्या दारानं कधी जायचं नाही. घराला वळसा घालून मागच्या परसात, सांदवाडीत जायच्या, चपला काढून पिशवीत ठेवायच्या आणि चुलीपाशी उंबऱ्यावर बसायच्या. कोणी खाट टाकली तर म्हणायच्या, "मी का बिमार हाय?" पहिली चौकशी गाईबैलांची, तीही नावानिशी. ज्याच्यासाठी आलो त्याचा विषय सगळ्यात शेवटी, तोही असा की त्या बाईला वाटावं आपणच काढला. मदत मिळाली का, हा छापील कागदावरचा पहिला प्रश्न त्या कधीच विचारत नसत.

"मिळाली का इचारलं त पाहुण्याचं मन राखाले हो म्हंतीन. वस्तूच्या मागं जाय. थे कुठी गेली, कोनाच्या हातात गेली, शेवटी तिचं काय झालं. मानसाच्या मागं नको लागू, मानूस लाजते."

एका गावात दुधाच्या भुकटीचा कागद अगदी चोख होता. सगळी मुलं रोज दूध पितात, असं सरपंचानं लिहून दिलेलं. आम्ही शिरलो तर मारुतीच्या देवळाची भिंत दृष्ट लागावी इतकी पांढरी. राधाबाईंनी भिंतीवर बोट फिरवलं, वास घेतला, बोट जिभेला लावलं आणि पाळीला टेकून बसाव्यात तशा त्या ओट्याला टेकून हसत सुटल्या. "देव मोठा झाला वं, दूध पिऊन!" सभोवती जमलेल्या बायका आधी घाबरल्या, मग त्याही हसायला लागल्या. मग खरं बाहेर आलं. ते दूध नुसतं पाण्यात कालवून पाजलं की मुलांना जुलाब होत. फेकायला जीव होईना, म्हणून चुन्यात कालवून देवाला लावलं.

मी कागदावर "गैरवापर" असं लिहायला घेतलं होतं. त्यांनी माझा हात धरला. "कोनाचा गैरवापर? लिव, दूध देल्लं पन कसं पाजाचं थे कोनी सांगतलं नाई." पुढच्याच आठवड्यात मिशनच्या सिस्टर स्वतः आल्या आणि चुलीपाशी बसून तांदळाच्या पेजेत भुकटी शिजवून दाखवली. पेजेतलं दूध पोरांना सोसलं.

घोंगडीचंही तसंच. एका घरात महिला मंडळाची नवी घोंगडी वासराच्या अंगावर. घरधनीण खाली मान घालून उभी. राधाबाईंनी वासराच्या कानाला हात लावून पाहिला आणि विचारलं, "ताप उतरला का याचा?" नंतर रस्त्यानं चालताना मी म्हटलं, घोंगडी माणसांसाठी होती ना? त्या म्हणाल्या, "वासरू गेलं असतं त थ्या बाईले घोंगडीत झोप आली असती का?"

हे सगळं मी पाहत होते, लिहीत होते आणि मला वाटत होतं की आपण शिकलो. मग ढिवरटोला आला.

चिखलबोडीच्या तलावाकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांची बावीस घरं आहेत, त्याला ढिवरटोला म्हणतात. त्या दिवशी राधाबाई तापानं शेजारच्या गावात पडून होत्या आणि समितीचा निरोप आला होता की राहिलेले कागद शनिवारपर्यंत पाठवा. मी म्हटलं, एवढं तर मला जमेल. एकटी गेले. पुढच्या दारानं गेले. हातात कागद उघडा धरून विचारलं, "बियाणं पेरलं का?"

"जमीनच नाई, बाई. खाल्लं."

दुसऱ्या घरी, खाल्लं. तिसऱ्या घरी, खाल्लं. बावीसही घरांत तेच. मी तसंच लिहिलं. दिल्या कामी वापर झाला का, या रकान्यात बावीस वेळा "नाही". अक्षर इतकं सुरेख आलं होतं की मला स्वतःचा अभिमान वाटला. राधाबाईंना वाचून न दाखवताच तिरोड्याच्या टपालात कागद टाकला.

दोन दिवसांनी त्या उठून बसल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या पेज पीत होत्या. वाटी खाली ठेवली.

"बावीसही घरी एकच शब्द?"

"हो."

"वं कोकनवाली, एका घरचं उंदरानं खाल्लं असतं. एका घरचं पाखा गळून भिजलं असतं. एकीनं माहेरी देल्लं असतं. बावीस घरं एकसारखी बोलतात तवा घरं नाई बोलत, बैठक बोलते. कागद कुठी हाय?"

"पाठवला."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. समितीचा नियम असा की बियाणं दिल्या कामी लावलं नाही, तर ते घर पुढच्या वर्षी यादीतून कमी. बियाणं, दूध, घोंगडी, तिन्ही बंद, कारण यादी तिघांची एकच. नवं वाटप हिवाळ्यातल्या घोंगड्यांपासूनच सुरू व्हायचं आणि हिवाळा तोंडावर आला होता. बावीस घरांतली पोरं माझ्या सुरेख अक्षरामुळे उघडी पडणार होती.

अंगात ताप असतानाच त्या चिखलबोडीला आल्या. टोल्यात गेल्याच नाहीत. सरळ पाळीवर चढल्या, चपला पिशवीत. जिथे तलाव फुटला होता तिथे नवी माती होती, नीट दाबलेली, वर गवत धरलेलं. राधाबाईंनी चिमूटभर माती हातावर चोळली. "हे काम कोनं केलं? सरकारनं त केलं नाई," त्या स्वतःशीच बोलल्या. मग वळून खालच्या शेतांकडे पाहत राहिल्या. इकडे शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. बांध्या बघता बघता त्यांनी मला जवळ ओढलं.

"काय दिसते?"

"धान."

"रंग सांग."

तेव्हा मला दिसलं. हिरव्या धानात मोठमोठाले जांभळट पट्टे. व्यापाऱ्यांनी वाटलेलं बियाणं मुद्दाम जांभळ्या देठाचं होतं. धानात करगा नावाचं रानटी धान उगवतं, ते लहानपणी ओळखू येत नाही. पण जांभळ्या रोपांत हिरवा करगा लगेच उठून दिसतो आणि उपटता येतो. एका घराला मिळालेल्या बियाण्यात कशीबशी एक बांधी होते. इथे प्रत्येक शेतकऱ्याच्या दोन-दोन बांध्या जांभळ्या होत्या.

पाळीच्या उतारावर सकू म्हणून एक म्हातारी ढिवरीण झिंगे वाळवत बसली होती. राधाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. म्हशीची चौकशी झाली, सुनेची झाली, गुडघ्याची झाली. मग म्हणाल्या, "काय वं सकू, धान खाल्लं म्हंते तुमी."

"खाल्लं ना बाई."

"कसं लागलं?"

"भातासारखं लागलं. अजून कसं लागंन?"

"मंग थे खाली जांभळं उभं हाय, थे का तुमच्या पोटातून उगवलं?"

सकूबुडीनं तोंडावर पदर धरला. खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, मला आधी कळलं नाही.

"आता लिवनार का बाई?"

"आधी सांग. मंग पाहू."

"आमाले जमीन नाई, बी घेऊन का करू? आमाले पानी पायजे. पाळ फुटलेली, पानी थांबत नाई, मासा कुठून येनार? अन् जमीनवाले कास्तकार त गाव सोडून रायले होते. कोनी तेंदूची पानं तोडाले, कोनी खदानीत. बैलं-गाड्या त्यायच्याच. मंग बैठक बसली. आमी म्हटलं, आमचंही बी तुमीच घ्या, दोन बांध्या पेरा, पन आधी आमच्यासंगं पाळ बांधा. थांबले थे. वैशाखभर माती टाकली सगळ्यायनं. आता पानीही हाय, धानही हाय."

"मंग खाल्लं कायले म्हटलं वं?"

"कागदावर छापलं होतं ना, दुसऱ्याले देल्लं त नाव कटते. अन् कास्तकारायलेही दोनदा घेतलं म्हून धरतीन. म्हून ठरवलं, खाल्लं म्हनाचं. खाल्लं त कटते असं कुठी छापलं नव्हतं. भुकेले म्हना आमाले. चोर नका म्हनू." मग माझ्याकडे बोट करून, "हे बाई इतकी मन लावून लिवत होती, मधी बोलाची हिंमतच नाई झाली."

राधाबाई पाण्याकडे वळल्या. म्हणाल्या, "माये आजोबा म्हनत, पाळ एका जातीची नसते. मी समजत होतो थे मातीचं बोलतात." इकडे बायकाही 'मी समजत होतो' असंच म्हणतात. मला आधी ते कानाला खटकायचं. त्या दिवशी खटकलं नाही.

गोंदियाला समिती बसली. मिशनच्या सिस्टर, महिला मंडळाच्या एक बाई आणि व्यापाऱ्यांच्या धर्मादायाचे दिवाणजी. दिवाणजींच्या पुढ्यात माझा तो सुरेख कागद. राधाबाईंनी चिखलबोडीची हकीकत सांगितली. दिवाणजींनी कागदावर बोट आपटलं.

"बाई, ये भी आप ही का कागज है. बाईस घर, बाईसों ने खाया. आज कहती हो, बोया. सच कौन-सा?"

"आजचं."

"तो ये झूठ किसने लिखा? पहले उसको काम से निकालो, फिर टोले की बात करेंगे."

माझ्या मांडीवरची वही घसरायला लागली. घरी खोकणारा नवरा डोळ्यांपुढे आला. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. राधाबाईंनी माझ्याकडे न पाहता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"कागद माया हाय, दिवाणजी. घाई मी केली. हे बाई मी सांगतलं थे लिवते." मग माझ्याकडे वळून, शाळेत शुद्धलेखन घालावं तशा पुस्तकी मराठीत, शब्द तोडून त्यांनी सांगितलं, "लिही. पहिल्या पाहणीत ढिवरटोल्याची नोंद चुकली. ही चूक राधाबाई कापगते यांची."

मी लिहिलं. तीन प्रतींत लिहिलं. तेव्हाही अक्षर सुरेखच आलं, याची मला आजही लाज वाटते.

"चूक मायी झाली, आता टोल्याचं बोला," राधाबाई पुन्हा झाडीत आल्या. "तुमी तिघं एका यादीसाठी वर्षभर भांडले. थ्या लोकायनं एका बैठकीत ठरवलं अन् एका वैशाखात पाळ बांधली. तुमी देल्लं एक बी, त्यायनं केला तलाव. आता याच्यात नाव कोनाचं कापाचं, थे तुमी सांगा. मी लिवून घेतो."

आधी सिस्टर हसल्या. मग महिला मंडळाच्या बाईंनी विचारलं की या लोकांना जमीन नाही, तर आपण त्यांना बियाणं दिलंच कशाला? त्यावर दिवाणजी म्हणाले, यादी तो एक ही थी ना! म्हणताना त्यांनाच ते कळलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. ढिवरटोला यादीत राहिला. पुढच्या वर्षी त्यांना बियाण्याऐवजी जाळ्याचं सूत द्यायचं ठरलं, आणि मदत दुसऱ्याला दिली तर नाव कमी, ही छापील ओळ निघाली.

राधाबाईंना मात्र पुढच्या पाहणीला बोलावलं नाही. चुका करणारी बाई नको, असं दिवाणजींचं म्हणणं पडलं, आणि पुरावा माझ्या अक्षरातला होता. मला ठेवलं. एवढंच नाही, जाणकार म्हणून ठेवलं.

हे सांगायला मी त्यांच्या खोलीवर गेले. म्हटलं, मी जाऊन खरं सांगते. त्या लाखोळीची भाजी खुडत होत्या. "अन् मिस्त्रीची दवाई कोन आनंन? मायी नोकरी सरकारनं मांगंच सोडवली, मले कायचं भेव? मायी पाहनी त झाली. आता तुयी कर."

ज्या सकाळी मी तिरोड्याच्या मोटारीत पहिल्यांदा एकटी बसले, त्या सकाळी त्या अड्ड्यावर आल्या होत्या. खिडकीतून माझ्या हातातला कागद ओढून घेतला, पिशवीतून चष्मा काढला, चक्क लावला, कोरा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला. "मांगच्या दारानं जाय," म्हणाल्या. मोटार सुटली. वळून पाहिलं तर त्या नागऱ्याच्या रस्त्यानं चालल्या होत्या. रस्ता चांगला पक्का होता, तरी पाय अनवाणी आणि चपला पिशवीत. जणू गोंदियाच्या रस्त्याखालीही कोणाची तरी पाळ होती. त्यानंतर त्या भावाकडे नवेगावाला गेल्या.

आता महाराष्ट्र झाला. माझं गाव आणि हे गाव एका राज्यात आलं. मिस्त्री घरी बसून असतात, पण खोकला पुष्कळ कमी आहे. थोरला गिरणीत लागला आहे. माझी नोकरी गेली तरी आता घर चालेल, हे मनाला पटायला मला इतकी वर्षं लागली. त्या अहवालाच्या तीन प्रती आहेत. एक गोंदियाला धर्मादायाच्या कपाटात, एक मिशनच्या दवाखान्यात, एक नागपूरला. एक दिवस मी तिन्ही ठिकाणी जाईन. ती ओळ काढून मागेन, राधाबाई कापगते हे नाव खोडीन आणि त्या जागी माझं नाव लिहीन. मग नवेगावाला जाईन, मागच्या दारानं, आणि तो कागद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन.